‘थांब, बाबांना येऊ दे’ याऐवजी काय? तीन ते दहा वर्षांच्या मुलांना घरात शिस्त लावताना

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घराघरांत एक वाद सुरू होतो. एकाच्या मते आपण पोराला फार ओरडतो, दुसऱ्याच्या मते आपणच त्याला डोक्यावर बसवलंय. हा वाद महिनोन्‌महिने चालतो आणि मिटत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. मुलाला माया किती मिळते, ही एक गोष्ट. घरातली नियमांची चौकट किती पक्की आहे, ही दुसरी. एक वाढवायला दुसरी कमी करावी लागत नाही. एवढं लक्षात आलं की उरतं ते काम बरंचसं सरावाचं आहे.

एकच प्रसंग चार घरांत पाहा. रात्रीचे साडेआठ वाजलेत, पाच वर्षांची मुलगी मोबाइलवर कार्टून बघतेय आणि झोपायची वेळ झालीय.

पहिल्या घरात मोबाइल हिसकावला जातो. ‘एकदा सांगितलेलं कळत नाही? रडलीस तर फटका मिळेल.’ इथे चौकट आहे, माया दिसत नाही. दुसऱ्या घरात ‘बरं, एवढं एक संपू दे हं’ म्हणतात आणि ते ‘एक’ साडेनऊपर्यंत चालतं. इथे माया आहे, चौकट नाही. तिसऱ्या घरात कुणाचं लक्षच नाही. मुलगी मोबाइल उशाशी घेऊन कधीतरी झोपून जाते. चौथ्या घरात आई शेजारी येऊन बसते, ‘ससा सापडला का मग?’ विचारते आणि म्हणते, ‘साडेआठ वाजले. तू बंद करतेस की मी करू?’ मुलगी कुरकुरते. आई म्हणते, ‘अजून बघावंसं वाटतंय ना, कळतंय मला.’ आणि मोबाइल बंद होतो. कुरकुर चालू असतानाच बंद होतो, हे महत्त्वाचं.

ही विभागणी मुळात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांची. १९६०च्या दशकात त्यांनी नर्सरीच्या वयाच्या मुलांचं आणि त्यांच्या पालकांचं निरीक्षण करून तीन पद्धती मांडल्या: धाकाची, सैल सोडण्याची, आणि माया राखून ठाम राहण्याची. दुर्लक्षाची चौथी पद्धत १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी जोडली. धाकाच्या घरातली मुलं जास्त नाखूश आणि इतरांपासून अंग चोरणारी आढळली. सैल घरातल्या मुलांना स्वतःला आवरणं सगळ्यांत कठीण जात होतं. ठाम आणि मायाळू पालकांची मुलं जास्त स्वावलंबी आणि समाधानी दिसली.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे ही निरीक्षणं मुख्यतः अमेरिकी मध्यमवर्गीय घरांतली होती. दुसरी अधिक महत्त्वाची: पालकांमुळे मूल घडतं तसं मुलामुळे पालकही घडतात. सतत चिडणाऱ्या मुलाचे आईबाप हळूहळू धाकाकडे ढकलले जातात. तेव्हा ‘आम्ही असे वागलो म्हणून आता याचं असंच होणार’ असा हिशेब मांडू नका. शिवाय कुठलंही घर चोवीस तास एकाच पद्धतीचं नसतं. तेच बाबा मोबाइलच्या बाबतीत सैल आणि अभ्यासाच्या वेळी जमदग्नी असतात. म्हणून स्वतःवर शिक्का मारत बसण्यापेक्षा दिवसातल्या नेमक्या कुठल्या वेळी आपण कसे वागतो, ते बघणं उपयोगाचं.

पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं मार आणि सोळाव्या वर्षी मैत्री, असं सांगणारं जुनं संस्कृत सुभाषित आजही लग्नकार्यात कुणी ना कुणी ऐकवतं. तो हिशेब दोन्ही टोकांना चुकतो. दोन वर्षांच्या मुलालाही ठरलेल्या वेळा आणि सीमा लागतात, त्यांशिवाय ते गोंधळतं. आणि दहा वर्षं मार खाल्लेलं मूल सोळाव्या वाढदिवसाला मनातलं सांगायला येत नाही.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका, फक्त लिहा

एक साधी वही घ्या. रोज जिथे वाजलं, त्या प्रत्येक प्रसंगाच्या पाच गोष्टी लिहा: किती वाजले होते, आधी काय झालं, मुलाने काय केलं, आपण काय केलं, आणि शेवटी कुणाचं झालं. पाचवा रकाना टाळायचा मोह होतो, पण सगळ्यांत जास्त माहिती त्यातच असते.

सात दिवसांनी वही वाचली की बहुतेक घरांत भांडणं दोन-तीन ठरावीक जागी साचलेली दिसतात. सकाळी शाळेच्या गडबडीत, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, आणि झोपताना. संध्याकाळच्या किरकिरीचं कारण पुष्कळदा निव्वळ भूक असते. शाळेतला डबा बाराला खाल्लेला, रात्रीचं जेवण साडेआठला, आणि मध्ये दोन बिस्किटं. पाचच्या सुमाराला पोटभरीचं काही द्या, म्हणजे थालीपीठ, उपमा, केळं-दूध किंवा उसळ. तेवढ्याने वहीतल्या काही ओळी आपोआप कमी होतात.

झोपेचंही तेच. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. सकाळी सहाला उठवायचं असेल तर साडेआठला दिवा मालवायलाच हवा. रात्री साडेदहाला झोपणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला ‘हल्ली फार उद्धट झालाय’ म्हणण्याआधी आठवडाभर त्याची झोप पूर्ण करून बघा. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत अशी सूचना दिली, तिच्यामागेही मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच कारण होतं.

दुसरा आठवडा: तीनच नियम

भूक आणि झोप सावरल्यावर जे उरेल, त्यातून तीन नियम काढा. चौथा नको. पंधरा नियम असले की त्यांतले बारा मोडतात, आणि नियम मोडला तरी चालतो हाच धडा मूल शिकतं.

नियम ‘काय करायचं’ अशा भाषेत असावा आणि पाळला की नाही हे डोळ्यांना दिसावं. ‘नीट वागायचं’ हा नियम नव्हे. नीट म्हणजे काय ते चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘जेवताना मोबाइल कपाटावर’, ‘राग आला तरी हात उचलायचा नाही, तोंडाने सांगायचं’, ‘साडेआठला दात घासून अंथरुणात’, हे नियम झाले. वाचता न येणाऱ्या मुलासाठी चित्रं काढून कागद फ्रिजवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. आणि नियम मोठ्यांनाही लागू. बाबा जेवताना ऑफिसचे मेसेज बघणार असतील तर पहिला नियम खोडून टाका.

घरातल्या मोठ्यांशी बोलणी

एकत्र कुटुंबात सगळी मेहनत इथे वाया जाऊ शकते. आई ‘नाही’ म्हणते, मूल आजीकडे जातं, आजी पदराआडून चॉकलेट देते. मूल लबाड नसतं. ते घराची रचना ओळखतं, इतकंच.

ज्याचे आईवडील, त्याने त्यांच्याशी बोलावं. सुनेने सासूबाईंना शिस्तीचे नियम ऐकवले की विषय मुलाचा राहत नाही. मुलाने आपल्या आईला निवांत वेळी, नातवंड समोर नसताना सांगावं: ‘आई, आपण साडेआठला झोपवायचं ठरवलंय. तुझी मदत लागेल. गोष्ट तूच सांग.’ नुसतं ‘हे करू नकोस’ न म्हणता आजी-आजोबांना त्यांचा हक्काचा कोपरा द्या. संध्याकाळी पाचचा खाऊ आजीच्याच हातचा, झोपतानाची गोष्ट आजोबांचीच. लाड करायला ठरलेली जागा मिळाली की बेवेळचे लाड कमी होतात.

मुलासमोर एकाने दिलेला निर्णय दुसऱ्याने मोडू नये, मग तो चुकीचा वाटला तरी. मतभेद रात्री, दार लावून. अपवाद एकच: कुणी हात उचलत असेल तर तिथल्या तिथे मध्ये पडा.

‘थांब, बाबांना येऊ दे’ हे वाक्य आजपासून बंद करा. त्याने दोन नुकसानं होतात. आईच्या शब्दाला स्वतःचं वजन नाही, असं आईच सांगते; आणि दिवसभर वाट बघितलेला बाप दारात आला की मूल दडतं. पोलीस धरून नेतील, डॉक्टर सुई टोचतील, हेही तसंच. जत्रेत किंवा एसटी स्टँडवर चुकलेल्या मुलाने ज्यांच्याकडे जायला हवं, त्या पोलिसांनाच ते घाबरून लपतं. तापात घसा दाखवायची वेळ येते, तेव्हा तोंड उघडत नाही.

घराची मांडणी बदला

गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल अडतं तिथे आधी आजूबाजूची मांडणी तपासायची, ही त्यांची दृष्टी घरातही जशीच्या तशी चालते.

दप्तर जागेवर ठेवत नाही? मग ती जागा कुठे आहे ते बघा. मोठ्यांच्या खांद्याइतक्या उंच खुंटीवर चार वर्षांचं मूल दप्तर टांगू शकत नाही. दारापाशी जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर एक खुंटी ठोका. पाणी सांडतं म्हणून ओरडण्याऐवजी अर्ध्या लिटरचा छोटा तांब्या आणि हाताशी एक फडकं ठेवा. खेळणी सगळी बाहेर काढू नका. आठ-दहा ठेवून बाकीची खोक्यात भरा आणि पंधरा दिवसांनी बदला. बिस्किटांचा डबा समोर दिसतो म्हणून मागितला जातो. तो वरच्या फळीवर, मागे.

सूचना कशी द्यायची

स्वयंपाकघरातून ओरडून दिलेल्या पाच सूचना म्हणजे मुलाच्या कानाला नुसता आवाज. पद्धत अशी:

१. मुलाजवळ जा, त्याच्या उंचीला वाका, नाव घ्या आणि ते बघेपर्यंत थांबा.
२. एकच काम सांगा, आणि काय करायचं ते सांगा. ‘धावू नकोस’पेक्षा ‘हळू चाल’ लवकर समजतं.
३. जिथे निवड नाही तिथे प्रश्न विचारू नका. ‘आंघोळीला जायचं का?’ याला ‘नाही’ हे रास्त उत्तर आहे. ‘आंघोळीची वेळ झाली. लाल टॉवेल की निळा?’ असं विचारा. निवड टॉवेलची, आंघोळीची नव्हे.
४. मनात पाच आकडे मोजा, गप्प राहून. बहुतेक पालक दुसऱ्या आकड्याला पुन्हा बोलतात आणि मुलाची सुरुवात तिथेच मोडते.
५. केलं तर लगेच, काय केलं ते सांगून दाद द्या. नाही केलं तर एकदाच आठवण द्या आणि सोबत परिणाम सांगा.
६. तरीही नाही केलं तर सांगितलेला परिणाम घडू द्या. तिसऱ्यांदा सांगणं नाही, आवाज चढवणं नाही.

सहावी पायरी सगळ्यांत जास्त चुकते. चौथ्या-पाचव्या वेळी ओरडल्यावरच कृती होते, असं घरात ठरून गेलं की मूल पहिल्या चार सूचना सोडून द्यायला शिकतं. मग ‘हा ओरडल्याशिवाय ऐकतच नाही’ ही तक्रार खरी असते. फक्त त्याला ती सवय आपणच लावलेली असते.

परिणाम: लहान, लगेच आणि चुकीशी जोडलेला

भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्या तर ओलं फडकं घेऊन पुसायचं. लहान मूल असेल तर तुम्हीही सोबत पुसा. मोबाइल दहा मिनिटं जास्त चालला तर उद्या दहा मिनिटं कमी. भावाच्या अंगावर गाडी फेकली तर गाडी आजच्यापुरती कपाटात.

‘आता महिनाभर टीव्ही बंद!’ ही घोषणा रागात होते आणि परवा संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी आपणच रिमोट हातात देतो. मुलासाठी परिणामाचा आकार नव्हे, त्याची खात्री महत्त्वाची. पाच मिनिटांचा पण दर वेळी घडणारा परिणाम, महिन्याच्या धमकीपेक्षा कितीतरी जास्त काम करतो. जेवण, झोप, मैदानावरचा खेळ आणि आईबाबांची जवळीक या चार गोष्टी शिक्षा म्हणून कधीच काढून घेऊ नका.

मारामारी किंवा फेकाफेक झाली तर तीन वर्षांपुढच्या मुलाला थोडा वेळ शांत बसवता येतं. वय जितकं, तितकी मिनिटं. चार वर्षांचं मूल, चार मिनिटं. जागा साधी, उजेडाची, तुमच्या नजरेसमोरची. अंधारी खोली, न्हाणीघर, दाराबाहेर किंवा गॅलरीत कोंडणं हे शिस्तीत मोडत नाही, ती दहशत आहे. वेळ संपली की भाषण न देता मूळचं काम पुन्हा सांगा, नाहीतर काम टाळायला कोपऱ्यात बसणं हा सोपा मार्ग ठरतो.

हट्ट

सगळ्यांत जास्त पालक इथे हरतात, म्हणून याची यंत्रणा नीट समजून घ्या. दुकानात मूल चॉकलेट मागतं. तुम्ही ‘नाही’ म्हणता. ते रडतं, लोळतं. लोक बघायला लागतात आणि तुम्ही चॉकलेट घेऊन देता. रडणं थांबतं. यातून मूल शिकलं की लोळल्यावर मिळतं. पण त्याच क्षणी तुम्हीही शिकलात की दिल्यावर सुटका होते. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून पुढच्या वेळी दोघंही तेच करतात. अमेरिकेत ऑरेगन राज्यात जेरल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन अशा प्रसंगांची बारकाईने नोंद केली आणि हा फास उलगडून दाखवला. ओरडण्याचाही असाच फास असतो: बापाने आवाज चढवला, मूल गप्प झालं, पुढच्या वेळी बाप आणखी लवकर आवाज चढवतो.

सोडवायची पद्धत अशी. दुकानात जाण्याआधी, घरीच सांगा: ‘आज फक्त साबण आणि डाळ घ्यायचीय. चॉकलेट नाही.’ हट्ट सुरू झाला की एकदाच, शांतपणे: ‘हवंय, कळलं. आज घ्यायचं नाही.’ मग बोलणं बंद. त्या क्षणी समजावणं वाया जातं. रडण्याच्या भरात मुलाला तर्क ऐकू येत नाही. आवाज अनावर झाला तर उचलून बाहेर आणा, सावलीत बसा आणि जवळ राहा. ओसरलं की पाणी द्या, जवळ घ्या, पुढच्या कामाला लागा. चॉकलेट मात्र त्या दिवशी येत नाही. आणि नंतर ‘सगळ्यांसमोर लाज आणलीस’ हे ऐकवायचं नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही पहिल्यांदा ठाम राहाल तेव्हा हट्ट कमी होणार नाही, वाढेल. आधी पाच मिनिटं रडणारं मूल वीस मिनिटं रडेल, कारण जे एरवी चालायचं ते चाललं नाही म्हणून ते जोर लावून बघतं. इथे ‘ही पद्धत आमच्याकडे चालत नाही’ म्हणून सोडून दिलं तर वीस मिनिटं रडल्यावर मिळतं हे पक्कं होतं, आणि परिस्थिती आधीपेक्षा बिघडते. दहा वेळा नकार देऊन अकराव्यांदा नमणं तर सगळ्यांत वाईट, कारण कधीतरी मिळतं ही आशा कधीच सुटत नाही. म्हणून ज्या गोष्टीवर शेवटपर्यंत ठाम राहणं आज शक्य नाही, तिथे पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणा. पाहुणे आलेत, तुम्हाला ताप आहे, प्रवास आहे? मग त्या दिवशी लढाई काढूच नका.

मार

धपाट्याने मूल लगेच थांबतं, हे खरं आहे. म्हणूनच तो सुटत नाही. पण त्यात मूल काय करू नये ते शिकतं, काय करावं ते शिकत नाही. आणि मोठ्या माणसाने लहानाला मारलं तर चालतं, हे धाकट्या बहिणीवर लगेच वापरून बघतं. धपाट्याचा असर दर वेळी कमी होतो, म्हणून हात दर वेळी जड होत जातो. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे. नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्यांनी तर हे आधीच माहीत करून घ्यावं: स्वीडनमध्ये १९७९ पासून, जर्मनीत २००० पासून, स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून स्वतःच्या मुलाला घरात मारणंही कायद्याने चालत नाही.

हात उचलला जाईल असं वाटलं की मूल सुरक्षित आहे ना बघा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. ‘मला राग आलाय, पाणी पिऊन येते’ एवढं म्हणा. हे पळून जाणं नाही. राग कसा सांभाळायचा याचा धडा मूल तुमच्याकडे बघून शिकतंय.

कौतुक

‘किती हुशार गं माझी बाय!’ यात वाईट काही वाटत नाही. पण १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. हुशारीची स्तुती झालेली मुलं पुढे सोपी कोडी निवडू लागली, अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली, आणि आपले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यात जास्त निघाली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं अवघड कोड्यांकडे वळली. हुशार ठरलेल्या मुलाला हुशारी गमावायची भीती असते.

म्हणून जे दिसलं ते सांगा. ‘तीनदा चुकलं तरी वजाबाकी पुन्हा मांडलीस.’ ‘ताईला आधी झोका दिलास.’ दिवसात अशा पाच-सहा नोंदी तोंडातून बाहेर पडल्या तरी पुष्कळ. शेजारच्या मुलाशी तुलना मात्र नको, चांगल्या अर्थानेही नको. तुलनेत जिंकलेलं मूल पुढच्या तुलनेची धास्ती घेऊन जगतं.

जेवण, मोबाइल, अभ्यास

काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे मुलाने. ताटात आधी थोडंच वाढा: अर्धी पोळी, दोन चमचे भाजी. हवं तर पुन्हा मागेल. नवी भाजी आवडायला ती आठ ते पंधरा वेळा ताटात यावी लागू शकते. दोनदा नाकारली म्हणून ‘त्याला दुधी आवडतच नाही’ असं जाहीर करू नका. अर्ध्या तासाने ताट उचला, न चिडता. मागे धावत घास भरवणं आणि कार्टून लावून भरवणं, दोन्हींत मुलाला आपलं पोट भरल्याचं कळेनासं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: एक वर्षाच्या मुलांसाठी पडदा नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही, आणि कमी असेल तितकं बरं. वेळ मिनिटांत मोजण्यापेक्षा भागांत मोजा. ‘दोन भाग’ मुलाला समजतात, ‘वीस मिनिटं’ समजत नाहीत. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. निम्मी भांडणं तिच्यामुळे होतात.

अभ्यासाबद्दल थोडक्यात: केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये. त्यापुढे ठरलेली जागा, ठरलेली वेळ, सलग वीस मिनिटं आणि मग पाच मिनिटं उठणं. शेजारी बसा, पण पेन्सिल तुमच्या हातात नको.

दोन मुलं, दोन स्वभाव

‘थोरलीला असंच वाढवलं, तिला काही त्रास झाला नाही’ हे वाक्य धाकट्यासाठी चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून १३३ मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. साधारण ४० टक्के मुलं सहज रुळणारी, १० टक्के तीव्र आणि अवघड, १५ टक्के नव्याला हळूहळू सरावणारी निघाली. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खान्यात बसली नाहीत. बुजऱ्या मुलाला वाढदिवसाच्या घोळक्यात ढकलू नका. सगळ्यांच्या अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे घर ओळखीचं होतं आणि मग माणसं एकेक येतात. तीव्र मुलाला काम बदलण्याआधी दहा आणि मग दोन मिनिटांची पूर्वसूचना द्या. नियम दोघांना तोच. पोहोचायची वाट वेगळी.

आपलं चुकलं तर

चुकणारच. ओरडून झाल्यावर अर्ध्या तासाने मुलाजवळ बसा आणि म्हणा, ‘मी मघाशी फार जोरात ओरडले. ते चुकलं.’ पुढे ‘पण तूही…’ जोडू नका, नाहीतर माफीची फिर्याद होते. नियम मात्र माफीत विरघळू देऊ नका. पश्चात्तापापोटी घेतलेलं आइस्क्रीम पुढच्या भांडणाचं बी असतं.

काही गोष्टी मात्र पद्धत बदलून सुटत नाहीत. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जात नाहीत, येत असलेलं बोलणं थांबलं, पाच वर्षांनंतरही रोज लांबलचक आकांत होऊन मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करतं, कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, किंवा एखाद्या ठरावीक माणसाजवळ जायला अचानक घाबरू लागलं, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांच्या विकासातल्या अडचणींसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं चालवली जातात, तिथे विचारा. मूल संकटात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, आणि पालकांचा स्वतःचा तोल ढळत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सहा आठवड्यांनी पहिल्या आठवड्यातली वही काढा आणि पुन्हा सात दिवस तशीच नोंद करा. पाचवा रकाना आधीच्याशी ताडून पाहा. जो नियम आता न सांगता पाळला जातो, तो फ्रिजवरच्या कागदावरून काढायचा. खोडायला पेन मुलाच्याच हातात द्या, आणि रिकाम्या जागी पुढचा नियम कुठला, तेही त्यालाच विचारा.